यीस्टला हवा श्वासासाठी लागते का कातडीसाठी?

नांदेडच्या एका एमएस्सी मायक्रोच्या मुलीनं विचारलंय. व्हायव्हाला तिला विचारलं की यीस्ट साखरेचं अल्कोहोल बिनहवेचं करतं, मग डिस्टिलरीत प्रीफर्मेंटरला, म्हणजे मोठ्या फर्मेंटरच्या आधी यीस्ट वाढवायच्या टाकीला, ब्लोअर लावून हवा कामून देतात? ती म्हणाली श्वसनासाठी, म्हणजे पेशी वाढाव्यात म्हणून. लगेच पुढचा प्रश्न आला, मग श्वसनाचा आणि मेंब्रेनमधल्या, म्हणजे पेशीच्या कातडीतल्या, लिपिडचा (चरबीचा) संबंध काय, आणि तिथं ती गप्प झाली. आता म्हणायली की सर, नेमकं काय सांगायला पाहिजे होतं.

बाळा, तुझं उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. मी लातूर-धाराशिव पट्ट्यात मळीवरच्या डिस्टिलऱ्यांमध्ये २४ वर्षं फर्मेंटेशनच बघायलोय आणि नवीन येणारे केमिस्ट जवळपास सगळे हेच अर्धं उत्तर घेऊन येतात, कारण पुस्तकात ऑक्सिजन आला की पुढं श्वसन एवढंच डोक्यात बसतं. म्हणून जरा इस्कटून सांगतो, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे हवा दिली की यीस्ट श्वसन करणारच, हे मनातून काढून टाक. आपलं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, साखर बक्कळ असली की हवा असूनही फर्मेंटेशनच करतं. क्रॅबट्री नावाच्या माणसानं १९२९ मध्ये ट्यूमरच्या पेशींत असलं वागणं बघितलं होतं, म्हणून यीस्टमध्येही त्याला क्रॅबट्री इफेक्ट म्हणतात. प्रीफर्मेंटरमधल्या पातळ केलेल्या मळीतसुद्धा साखर टक्क्यांत असते आणि यीस्टला श्वसनापासून ओढून न्यायला लिटरला एखादा ग्रॅमही पुरतो. बेकरीचं यीस्ट बनवणारे म्हणूनच मळी थेंबाथेंबानं सोडतात, साखर साचूच देत नाहीत, तेव्हा कुठं यीस्ट खऱ्या अर्थानं श्वसन करतं आणि एका ग्रॅम साखरेतून अर्धा ग्रॅमच्या आसपास सुकं यीस्ट मिळतं. फर्मेंटेशनवर वाढलं तर तेच एक दशांश ग्रॅमच्या आसपास. आपल्या प्रीफर्मेंटरला तसं काही नसतं, सगळी मळी एकदम समोर. मग ब्लोअरची हवा जाते कुठं? काही थोडी श्वसनात जाते, पण ज्या हवेवर पुढचं सगळं टिकून राहतं ती जाते पेशीची चरबी बनवण्यात.

आता चरबी म्हणजे काय ते घरातल्या उदाहरणावरून बघ. डिसेंबर-जानेवारीत सकाळी डालडा दगडासारखा असतो, खोबरेल गोठलेलं असतं आणि त्याच फळीवरचं करडईचं तेल मात्र पाण्यासारखं ओतता येतं. तिन्ही चरबीच, फरक फॅटी ॲसिडच्या शेपटांचा. सरळ शेपट्या असल्या की काड्यांच्या पेंढीगत घट्ट बसतात, मधे डबल बाँड आला की शेपटीला बाक पडतो आणि पेंढी ढिली राहते. पेशीचं मेंब्रेन म्हणजे असल्याच शेपटांचे दोन थर, बोटं एकमेकांसमोर धरल्यासारखे. ते डालड्यासारखं घट्ट झालं तर त्यातली प्रोटीनं हलत नाहीत, फार पातळ झालं तर गळायला लागतं. यीस्टला हा मेळ सतत घालावा लागतो, आणि तो घालायची दोन हत्यारं आहेत, एक म्हणजे शेपटीत डबल बाँड टाकणं आणि दुसरं अर्गोस्टेरॉल, जे आपल्या अंगात कोलेस्टेरॉल करतं तेच काम यीस्टमध्ये करतं.

आणि या दोन्ही हत्यारांना ऑक्सिजनचा रेणू लागतो. ऊर्जेसाठी नाही, रसायन घडवण्यासाठी. हे वाक्य वहीत लिहून ठेव.

डबल बाँड टाकणारं एन्झाईम म्हणजे ओएलई-वन, ते एका बाँडला एक ऑक्सिजन रेणू खातं. आपल्या यीस्टला एका शेपटीत एकच बाँड टाकता येतो, करडईतल्या लिनोलेइकसारखे दोन त्याला जमत नाहीत, पण बाहेरून मिळालं तर उचलून मेंब्रेनमध्ये बसवतं. अर्गोस्टेरॉलचा हिशोब तर मी नवीन पोरांना फळ्यावर करून दाखवतो. स्क्वालीन म्हणजे त्याचा कच्चा माल, तिथपर्यंत सगळं बिनहवेचं चालतं. तिथून पुढं स्क्वालीनवर पहिला ऑक्सिजन चढवायला १, लॅनोस्टेरॉलचा चौदाव्या जागेवरचा मिथाईल काढायला ३, चौथ्या जागेवरचे दोन काढायला ३ आणि ३, मग दोन डबल बाँडचे १ आणि १. झाले १२. अर्गोस्टेरॉलच्या एका मोलचं वजन ३९६ ग्रॅमच्या पुढं, १२ मोल ऑक्सिजनचं ३८४. म्हणजे एक ग्रॅम अर्गोस्टेरॉल करायला जवळपास एक ग्रॅमच ऑक्सिजन लागतो. हवा बंद केली की पेशीत स्क्वालीन साचत जातं, कच्चा माल गोडाऊनला पडून आणि पुढची लाईन बंद.

हे नवीन ज्ञान नाही बरं का. अँड्रियासेन आणि स्टायर या दोघांनी १९५३ मध्ये दाखवलं की पूर्ण बिनहवेत यीस्ट वाढवायचं तर त्याला अर्गोस्टेरॉल बाहेरून द्यावं लागतं, आणि १९५४ मध्ये दाखवलं की त्याच्यासोबत अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिडही लागतं. दोन्ही दिलं की यीस्ट हवेशिवाय खुशाल वाढतं. म्हणजे ज्याला आपण बिनहवेचा जीव म्हणतो तो बिनहवेचा नाहीच, त्याला हवेतून बनलेल्या दोन वस्तू पाहिजेत, मग त्या स्वतः बनव नाहीतर आयत्या दे.

आता प्रीफर्मेंटरला हवा का द्यायची, ते एका रात्रीवरून सांगतो. एप्रिल महिना, दिवसा बाहेर ४२ डिग्री, कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट. प्रीफर्मेंटरच्या ब्लोअरचा बेल्ट तुटला, स्टोअरला बेल्ट नव्हता, सकाळपर्यंत तसंच चालवलं. मी सहा तासांनी सॅम्पल काढला, हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या काचेवर मोजलं, मिलीला २० कोटींच्या आसपास पेशी, मिथिलीन ब्लू टाकून बघितलं तर शंभरात पाच-सहाच निळ्या. जिवंत पेशी आत आलेला रंग बेरंग करून टाकते, मेलेली निळी राहते, त्यामुळं स्लाईड बघून माझा जीव भांड्यात पडला आणि मी सीड, म्हणजे तयार झालेलं यीस्ट, मोठ्या फर्मेंटरला सोडायला सांगितलं. सुरुवात एवढी जोरात झाली की फेस मारायला टर्की रेड ऑइल घालावं लागलं. मग १८ तासांनंतर ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं माप, उतरायचा थांबला. अल्कोहोल सात टक्क्यांच्या पुढं जाईना, मागं साखर तशीच. परत स्लाईड केली तर आता अर्ध्याहून जास्त पेशी निळ्या, आणि ज्या पांढऱ्या होत्या त्यांच्यावर कळ्याच नव्हत्या. यीस्टला खाद्य म्हणून युरिया घातला, डीएपी खत घातलं, काही फरक नाही. मळी वाईट आली म्हणून सगळ्यांनी मळीलाच बोल लावला.

मळी बरोबर होती. चूक माझी होती, मी पेशी मोजल्या आणि पेशीच्या आत काय शिल्लक आहे ते बघितलं नाही. हवा खाऊन तयार झालेल्या यीस्टमध्ये सुक्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास स्टेरॉल, म्हणजे मुख्यतः अर्गोस्टेरॉल, असतं. फर्मेंटरमध्ये हवा नाही म्हणून नवीन बनत नाही, आहे तेच आई आणि लेकीत वाटून घ्यायचं. एकदा कळी फुटली की अर्धा टक्का, दुसऱ्यांदा पाव, तिसऱ्यांदा शेकडा बारा पैशांएवढं. एक दशांश टक्क्याच्या जवळ आलं की वाढ थांबते. म्हणजे भरल्या पोटाची एक पेशी फार तर आठ-दहा पेशी करू शकते, आणि जी प्रीफर्मेंटरमध्येच उपाशी राहिली ती एक-दोन वेळाच. संख्या दोघींची सारखी दिसते. आणि अल्कोहोल चढायला लागलं की ते मेंब्रेनमध्ये शिरून त्याला ढिलं करतं, त्याला तोंड द्यायला अर्गोस्टेरॉल आणि अनसॅच्युरेटेड शेपट्या दोन्ही लागतात, ते नसलं की पेशी गळती होऊन मरते. माझ्या त्या रात्रीच्या पेशी अल्कोहोलनं मेल्या असं रिपोर्टात लिहिलं गेलं, खरं म्हणजे त्या बिनकातड्याच्या झाल्या होत्या.

बरेच जण मग म्हणतात की स्टेरॉल बाहेरून घालू की. नाही चालत. हवा असताना आपलं यीस्ट बाहेरचं स्टेरॉल आत घेतच नाही, दार बंद ठेवतं, बिनहवेतच ते दार उघडतं. त्यामुळं प्रीफर्मेंटरला हवाही चालू आणि वरून स्टेरॉलही, हा पैसे पाण्यात घालायचा धंदा आहे.

इथपर्यंत तुझ्या पहिल्या प्रश्नाचं झालं. आता दुसरा, श्वसनाचा आणि लिपिडचा संबंध, तो उलट्या बाजूनं येतो. वर जे मेंब्रेन बोललो ते बाहेरचं, प्लाझ्मा मेंब्रेन. श्वसन होतं मायटोकाँड्रियाच्या आतल्या मेंब्रेनमध्ये आणि तिथं अर्गोस्टेरॉल फारच कमी असतं. व्हायव्हात पोरं या दोन मेंब्रेनची गल्लत करतात आणि मग काहीच जुळत नाही. आतल्या मेंब्रेनमध्ये काम चालतं फॉस्फोलिपिडवर, म्हणजे दोन शेपट्यांच्या चरबीवर, आणि त्यातलं एक खास म्हणजे कार्डिओलिपिन, ज्याला दोनऐवजी चार शेपट्या असतात.

आता श्वसनाची साखळी डोळ्यासमोर आण. साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन एका एन्झाईमकडून दुसऱ्याकडं जायचे असतात, आणि ते नेणारा हमाल म्हणजे कोएन्झाईम क्यू, जो मेंब्रेनच्या आतच, चरबीतच पोहत जातो. ऊसतोडीचं रान आठव. एक टोळी तोडायली, मोळ्या बांधायली, आणि दुसरी डोक्यावर मोळी घेऊन फडातून ट्रॉलीपर्यंत जायली. कोरड्या रानात ट्रॉली तासात भरती. तेच काळ्या रानात आदल्या रात्री पाऊस झाला की पाय घोट्यापर्यंत रुततो, मोळी तीच, अंतर तेच, माणसं तीच, तरी ट्रॉली रिकामी उभी. तोडणारे वाढवून काही होत नाही, अडचण चिखलाची आहे. मेंब्रेनमध्ये सॅच्युरेटेड शेपट्या वाढल्या की तो चिखल होतो, क्यू हळू चालतो आणि एन्झाईम पुरेसे असूनही श्वसन मंदावतं. २०१८ मध्ये बुडिन, किसलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी हे नीट मोजून दाखवलं. त्यांनी ई-कोलाय या बॅक्टेरियामध्ये अनसॅच्युरेटेड चरबीचं प्रमाण हातानं कमी-जास्त करता येईल अशी सोय केली, मेंब्रेन किती चिकट झालं ते मोजलं आणि श्वसनाचा वेग त्या चिकटपणाच्या मागोमाग जातो असं दिसलं. यीस्टच्या मायटोकाँड्रियातही तसंच. मला हे वाचून फार समाधान वाटलं होतं, कारण आमच्याकडं इतकी वर्षं चरबीकडं भिंत म्हणून बघायचे, आणि ती श्वसनाचा वेग ठरवणारी वस्तू निघाली.

कार्डिओलिपिनचं काम वेगळं. ते श्वसनाच्या साखळीतल्या कॉम्प्लेक्स तीन आणि कॉम्प्लेक्स चार या एन्झाईमच्या गठ्ठ्यांना एकमेकांना चिकटवून धरतं, म्हणजे ट्रॉली फडाच्या बांधाला आणून लावल्यासारखं. ज्या यीस्टमध्ये कार्डिओलिपिन बनवणारा सीआरडी-वन जीन काढलेला असतो त्याच्यात ही जोडी सुटते. तरी ३० डिग्रीला ते ग्लिसरॉलवर, जे श्वसनाशिवाय वापरता येत नाही, कसंबसं वाढतं, ३७ ला मात्र अडतं. माणसात कार्डिओलिपिनच्या शेपट्या नीट करणारा टॅफाझिन नावाचा जीन बिघडला तर मुलांना बार्थ सिंड्रोम होतो, हृदयाचा स्नायू दुबळा पडतो, आणि त्या आजाराचा बराच अभ्यास यीस्टवरच झालाय. शिवाय आतल्या मेंब्रेनच्या घड्या, क्रिस्टी, त्यासुद्धा बाक असलेल्या शेपट्यांवर आणि कार्डिओलिपिनवर टिकतात. अनसॅच्युरेशन एका मर्यादेच्या खाली गेलं की घड्या सपाट होतात आणि श्वसन बसतं.

एक गोष्ट परीक्षेत उपयोगी पडेल. एका ग्लुकोजमागं पुस्तकातले ३६-३८ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) आपल्या यीस्टला लावू नको. त्याच्याकडं साखळीतलं पहिलं, प्रोटॉन पंप करणारं कॉम्प्लेक्स वनच नाही, त्या जागी साधं एनएडीएच डिहायड्रोजिनेज आहे, त्यामुळं एका ग्लुकोजमागं त्याला त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळतं.

मग पेशीला कळतं कसं की चरबी घट्ट व्हायली? ईआर, म्हणजे पेशीतला चरबी बनवायचा कारखाना, त्याच्या मेंब्रेनमध्ये एमजीए-टू नावाचं प्रोटीन खुंटीसारखं आरपार बसलेलं असतं. भोवतालच्या शेपट्या दाटल्या की त्या खुंटीचं वळण बदलतं, त्यावरून त्याचा एक तुकडा कापून न्यूक्लियसला जातो आणि ओएलई-वन वाढवायला सांगतो. किती सुंदर व्यवस्था बघ, पेशी चरबी चाचपून हुकूम सोडते. पण हवा बंद असेल तर हुकूम सुटतो, एन्झाईमही बनतं, बाँड टाकायला ऑक्सिजनच नसतो. आणि हीमचंही (एन्झाईममध्ये बसणारा लोह असलेला भाग) तेच, ते बनवायलाही ऑक्सिजन लागतो, आणि श्वसनाचे सायटोक्रोम, अर्गोस्टेरॉलच्या लाईनमधली काही एन्झाईम आणि ओएलई-वनचं काम सगळं हीमवर अडलेलं. म्हणून श्वसन आणि चरबी ही एकाच विहिरीवर पाणी भरणारी दोन घरं समज.

ही दोन घरं वेगळी आहेत याचा पुरावा मागितला तर पेटीट सांग. १९४९ मध्ये पॅरिसला एफ्रुसी नावाच्या शास्त्रज्ञानं बेकरीच्या यीस्टमध्ये छोट्या छोट्या कॉलन्या पकडल्या, ज्यांचं श्वसन कायमचं गेलेलं होतं. फ्रेंचमध्ये पेटीट म्हणजे लहान. हे पेटीट श्वसन अजिबात करत नाही, तरी त्याला बिनहवेत ठेवलं तर अर्गोस्टेरॉल आणि अनसॅच्युरेटेड फॅटी ॲसिड लागतंच. श्वास घेत नसलेल्या जीवाला हवा कशाला लागते? कातडीला. व्हायव्हात हे एक उदाहरण दिलं असतंस तर पुढचा प्रश्न आला नसता.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं एकदम अंगावर येतं. पाणी कोमट झालं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, ३५ डिग्रीला साध्या पाण्यात लिटरला ७ मिलीग्रॅमच्या आसपास, मळीत त्याहून कमी. उष्णतेनं मेंब्रेन आधीच पातळ, वर अल्कोहोल. उष्णता आणि अल्कोहोलनं पेटीटही जास्त निघतात. म्हणून मार्च ते जून मी प्रीफर्मेंटरचं तापमान ३२ च्या वर जाऊ देत नाही, फर्मेंटरला एखादी डिग्री इकडं-तिकडं सोसेन पण प्रीफर्मेंटरला नाही, आणि स्टोअरला ब्लोअरचे दोन बेल्ट कायम असतात. स्पार्जरची, म्हणजे टाकीच्या तळाशी हवा सोडणाऱ्या नळीची, भोकं मळीच्या गाळानं बुजतात, बुडबुडे मोठे येतात आणि मोठा बुडबुडा हवा न देताच वर निघून जातो, तेही दर आठवड्याला उघडून बघायचं.

कॉलेजात करून बघायचं असेल तर अवघड नाही. वायपीडी हे यीस्टचं नेहमीचं माध्यम घेऊ नको, यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून थोडी चरबी येते आणि निकाल मळतो, यीस्ट नायट्रोजन बेस आणि २ टक्के ग्लुकोज घे. चार ट्यूब, एक साधी, एकीत ट्वीन-८०, एकीत अर्गोस्टेरॉल, एकीत दोन्ही. लिटरला अर्गोस्टेरॉल १० मिलीग्रॅम आणि ट्वीन-८० ४२० मिलीग्रॅम हे नेहमीचं माप आहे, दोन्ही गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून घाल आणि तेवढंच नुसतं अल्कोहोल साध्या ट्यूबलाही घाल. ट्वीन-८० मध्ये ओलेइक ॲसिड असतं म्हणून ते. अनेरोबिक जारमध्ये ठेव आणि दोन-दोन दिवसांनी दहाला एक या मापानं नवीन ट्यूबमध्ये टाकत जा. पहिल्या वेळेला चारही गढूळ होतील, घाबरू नको, ती जुनी शिदोरी आहे. दुसऱ्यापासून साधी ट्यूब मागं पडायला लागेल, तिसऱ्या-चौथ्याला ती जवळपास नितळ राहील आणि दोन्ही घातलेली मात्र पहिल्यासारखीच गढूळ. जार उघडताना हात पटपट चालव, हवा लागली की यीस्ट चरबी बनवून घेतं.

आणि श्वसनाची बाजू बघायला वाढलेल्या कॉलन्यांच्या प्लेटवर टीटीसीचा आगर ओत, हा रंग श्वसन चालू असलं की लाल होतो. श्वसन करणाऱ्या कॉलन्या तासा-दोन तासांत लाल होतात, पेटीट पांढऱ्या राहतात. आमच्या मे महिन्यातल्या फर्मेंटरचा एक थेंब पसरवून बघितलास तर लाल कॉलन्यांत मधेमधे पांढरे ठिपके दिसतील, लेन्सची गरज पडणार नाही.